मोरिशिता-सानचं डबकं

टार्निट, फेब्रुवारीचा उन्हाळा

प्रिय ओजस,

मी तुझी आजी. ओळख करून दिलेली बरी, कारण दिवाळीपासून तू मला विसरलायस असं दिसतं. पाच फूटसुद्धा उंची नाही, नाकात चमकी, टार्निटच्या घरात मागच्या खोलीत राहते, तुझ्या शाळेच्या डब्यात रोज चटणी जास्त घालायची तीच. आठवलं? नसेल तर स्वरदा खाली फोटो चिकटवेल. फोन तू करत नाहीस, आणि मी व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवला तर तो दुप्पट वेगाने ऐकतोस म्हणे. स्वरदानं मला ऐकवलं मी तशी कशी वाजते ते. अंगात आलेली बाई बरी. म्हणून हे कागदावर पाठवतेय. कागद पळवता येत नाही.

सांगतेय मी, लिहितेय स्वरदा. तुझ्या बहिणीचं अक्षर कसं आहे ते मला कळायला मार्ग नाही, पण लिहिताना जीभ बाहेर काढून बसते, म्हणजे मनापासून चाललंय. मधूनच “आजी, स्लो डाऊन” म्हणते. आत्ता विचारत होती, हे पण लिहू का? मी म्हटलं, सगळं लिही, तुला युनिव्हर्सिटीत कोण एवढं सांगायला बसलंय.

तर मुद्द्याचं. तू तुझ्या बाबाला सांगितलंस की महिनाअखेरीला तू बनवलेली ती रिंगची गेम इंटरनेटच्या दुकानातून उतरवून टाकणार, पुन्हा त्या वाटेला जाणार नाही. कॅनबेराची नोकरी पक्की होतेय, तुझ्या गुंगालिनात ऊन कमी झालं, सगळं छान. दत्तप्रसाद इतका खूश झाला की त्यानं दुसऱ्यांदा भात घेतला. मी गप्प बसले. मी गप्प बसले की या घरात सगळे घाबरतात, तसे घाबरले. ओजस, गेम अजून उतरवली नसशील तर हात तिथेच थांबव, आणि आधी हे शेवटपर्यंत वाच. इथे मागच्या काही आठवड्यांत जे झालंय ते तुला कळलं तर तू खुर्चीतून उडशील. मी तर उडालेच. माझे गुडघे त्याची साक्ष देतील.

आपल्या शॉपिंग सेंटरात सरकत्या जिन्याजवळ ती काचेची पेटी आहे ना, वरून पंजा येतो आणि अस्वल उचलतो? उचलतो कसला, उचलल्यासारखं करतो. सरिता भाजी घेते तोवर मी तिथे उभी राहते. मला अस्वल नको असतं. मला खेळणाऱ्याचं तोंड बघायचं असतं. तुझ्या आबांबरोबर मी पुसेगाव, पाल, औंध सगळ्या जत्रा केल्या. आपला रिंगचा स्टॉल होता हे तुझा बाबा इथल्या लोकांना सांगत नाही, “वडिलांचा बिझनेस होता” म्हणतो. असू दे. पण त्या धंद्यात सामानाकडे बघायचं नसतं. रिंग साबणाच्या कडेला लागून तिरकी राहिली की माणसाच्या तोंडावर जे येतं ना, “अगदी थोडक्यात गेली”, ते बघायचं असतं. ते आलं की तो दुसरी रिंग घेणारच. आणि ते तोंड चिडकं झालं, तर आबा पुढची रिंग हातात फुकट द्यायचे. हरलेला माणूस हसत गेला पाहिजे, असं त्यांचं होतं.

तर मी तोंडं बघत उभी, आणि बघते तर पेटीच्या पलीकडून आणखी एकजण तोंडंच बघतोय. म्हातारा, टोपी, पाठीला किंचित बाक, हातात तयार कॉफीचा छोटा डबा. पंजाकडे ढुंकून बघत नाही. एका पोराच्या हातून अस्वल निसटलं, पोराचं तोंड हिरमुसलं, आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी जिभेनं “च्च” केलं. मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं. अरे, जत्रेत दुसऱ्या गावचा रिंगवाला भेटावा तसं झालं! त्यानं मान खाली घातली, मी हात जोडले, त्यानं आणखी मान खाली घातली. ही मान खाली घालायची शर्यत सरिता कोथिंबीर घेऊन आली तेव्हा थांबली. तुझ्या आईला वाटलं मला चक्कर आली.

हेच मोरिशिता-सान. सान म्हणजे आपलं “राव”. वेरिबीला त्यांची मुलगी युकारी नर्स आहे, बायको गेल्यावर तिनं त्यांना जपानहून बोलावून घेतलं. त्यांना इंग्रजी माझ्याइतकंच येतं, म्हणजे “नो वरीज” आणि “टू हॉट”. आता ते आपल्याकडे चहाला येतात, आणि बोलतो आम्ही फोनमधून. ते जपानीत बोलतात आणि फोनमधली बाई मला मराठीत सांगते. एसटी स्टँडवर घोषणा करावी तशी सांगते, आणि मला “आपण” म्हणते. या घरात मला “आपण” म्हणणारी तेवढी एकच.

त्यांनी काय केलंय आयुष्यात, ऐक. अठरा वर्षांचे असताना ते ओसाकाला एका कंपनीत लागले. मोठ्या दुकानांच्या गच्चीवर लहान मुलांसाठी नाणं टाकून डुलणारे हत्ती-घोडे असायचे, ते दुरुस्त करायचं काम. हत्ती थांबल्यावर कुठलं पोर रडणार आणि कुठलं पोर आईचा पदर ओढणार हे त्यांना आधीच कळायला लागलं. मग टीव्हीवरच्या खेळांची मशीनं आली. साहेबांनी एक परदेशी मशीन आणून टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, उघडून बघा आणि आपलं एक बनवा. शिकवणारं कोणी नाही. हे चौकोनाच्या कागदावर रंगीत पेन्सिलीनं एकेक चौकोन भरून चित्र काढायचे, जसं आपण भरतकामाला टाके मोजतो. हात जरा वर गेलेला, जरा खाली आलेला, अशी चित्रं. ती भराभर पालटली की माणूस चालतो.

सगळ्यांना आकाशातली विमानं आणि गोळीबार हवा होता. यांनी काढली एक म्हातारी! वाऱ्यानं तिची वाळत घातलेली धुणी उडून जातात आणि ती छपराछपरांवरून उड्या मारत ती गोळा करते. साहेब म्हणाले, म्हातारीसाठी कोण नाणं टाकणार? मोरिशिता-सान म्हणाले, माझी आई अशीच होती. साहेब म्हणाले, मग तुमची आई नाणं टाकेल. (हे सांगताना ते एवढे हसले की फोनमधल्या बाईला काहीच कळेना, ती गप्पच बसली.)

तरी म्हातारीचं मशीन झालंच. त्या लोकांची एक रीत होती. नवीन मशीन आधी एका हॉलमध्ये चार दिवस ठेवून द्यायचं, आणि ज्यानं ते बनवलं त्यानं लांब उभं राहून बघायचं. कोणाला सांगायचं नाही की हे माझं आहे. कोणी अडकलं तरी तोंड उघडायचं नाही. नुसतं बघायचं. तू विचार कर, स्वतःचं पोर पहिल्यांदा शाळेत जातंय आणि आपण खिडकीबाहेर तोंड दाबून उभे! हे कॉफीचा डबा हातात धरून उभे राहिले. पहिल्या दिवशी लोक यायचे, नाणं टाकायचे, म्हातारी पहिल्याच दोन छपरांच्या मधल्या दरीत पडायची आणि लोक निघून जायचे. तिला उडी मारता येते हेच कोणाला कळत नव्हतं. बाजूला सूचना छापलेली होती. पण हातात नाणं असलेला माणूस वाचत नाही.

त्यांच्या जागी दुसरा असता तर सूचनेची अक्षरं मोठी केली असती. यांनी काय केलं? दरीच्या आधी पाण्याचं एक छोटं डबकं काढलं. बस. डबकं दिसलं की माणूस उडी मारतोच, त्याला सांगावं लागत नाही. आणि नाही मारली तरी काय, म्हातारीचे पाय भिजतात, ती तोंड वाकडं करते, मरत नाही. डबकं ओलांडून हात तयार झाला की मग दरी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मशीनसमोर रांग लागली रे! शाळेतली पोरं, ऑफिसातले बाबू, सगळे म्हातारीला “उडी मार, उडी मार” करतायत, आणि हे मागे उभे, तोंड गच्च मिटून. कॉफी तशीच गार झाली म्हणाले.

मशीन जगभर गेलं. पण नाव नाही. कंपनी कोणाचंच नाव मशीनवर येऊ द्यायची नाही, दुसरी कंपनी माणूस पळवून नेईल म्हणून. पुढे यांनी आणखी खेळ केले. एक साफ पडला, त्याचं नावही काढू देत नाहीत. मग नव्या तऱ्हेचे, थ्रीडी म्हणतात तसे खोल दिसणारे खेळ आले, नवी पोरं आली, आणि यांना खिडकीजवळची खुर्ची दिली. तिथली पद्धत अशी, काढून टाकत नाहीत, खिडकीशी बसवतात आणि काम देत नाहीत. मी विचारलं, मग काय करायचात? म्हणाले, कबुतरं कशी उतरतात ते बघायचो. शेवटची काही वर्षं ती पंजाची पेटी. पंजा किती घट्ट, किती सैल, ते ठरवायचं काम. म्हणजे शेवटी आपल्याच धंद्यात आले बिचारे! मी त्यांना तसं सांगितलं. ते उठून उभे राहिले आणि आबांच्या फोटोला वाकून नमस्कार करून आले.

आता तुझं. तू तुझा जुना टॅब इथे ठेवून गेलास, त्यात तुझी गेम आहे. मी ती मोरिशिता-सानना दाखवली. तू ओरडशील, ओरड. त्यांनी चष्मा काढला, टॅब नाकाशी धरला, आणि आबा रिंग देतात ते चित्र आलं तिथेच थांबले. पुन्हा मागे नेलं. पुन्हा पाहिलं. तू आबांना कधी पाहिलं नाहीस, मी सांगितलं त्यावरून काढलंस, रिंग देताना एक खांदा कसा खाली जायचा ते. मोरिशिता-सान फोनमध्ये बोलले आणि ती बाई म्हणाली, “ज्या व्यक्तीने हा खांदा काढला आहे, त्या व्यक्तीला बघता येते.” ओजस, तुझ्या बाबानं हे ऐकलं. तो दारात उभा होता, गाडीची किल्ली हातात. गाडीकडे जायला त्याला मग बराच वेळ लागला.

मग त्यांनी टॅब माझ्या हातात दिला, मला बसवलं, आणि माझ्या मागे जाऊन उभे राहिले. तोंड बंद. मी बसले. समोर अक्षरं. मी बोट लावलं, आणखी अक्षरं. तू आबांची सगळी गोष्ट लिहिलीयस म्हणे, मग कसं खेळायचं ते, मग कुठलं बटण कशाला. स्वरदा सांगायला पुढे आली तर मोरिशिता-साननी तिला हातानं थांबवलं. मी आणखी बोटं मारली. शेवटी मी टॅब खाली ठेवला आणि म्हटलं, मला नाही येत, मी अडाणी बाई. आयुष्यभर हेच म्हणत आले, बँकेत, दवाखान्यात, इथल्या विमानतळावर. तर ते पुढे आले, टॅबकडे बोट केलं आणि जोरात काहीतरी म्हणाले. फोनमधली बाई म्हणाली, “आपण चुकला नाहीत. हे चुकले आहे.”

स्वरदा, थांब जरा. हे नीट लिही. त्यांनी टॅबकडे बोट केलं, माझ्याकडे नाही.

इतक्या वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं बाबा. मी चहा टाकायला उठले, आणि चहा जरा जास्तच वेळ उकळला.

तुझ्या गेमला डबकं नाही, ओजस. एवढंच. बाकी सगळं आहे, खांदा आहे, साबण आहे, जत्रेचा आवाज आहे. तिकडे तो कोणी इंटरनेटवर तुझ्या गेमखाली लिहून गेला, काय करायचं कळलं नाही, आणि तू ते मनाला लावून घेऊन कॅनबेरा गाठलंस. तो खोटं बोलला नव्हता. पण “कळलं नाही” म्हणजे “वाईट आहे” असं नव्हे रे. मोरिशिता-सानची म्हातारी पहिल्या दिवशी दरीतच पडत होती की!

त्या दिवसापासून आपलं गॅरेज त्यांच्या ताब्यात आहे. युकारी त्यांना सकाळी शिफ्टला जाताना सोडते. दत्तप्रसाद गाडी बाहेर उन्हात लावतो आणि कुरकुर करतो, पण काल त्यानंच चौकोनाच्या कागदाच्या वह्या आणल्या. मोरिशिता-सान पेन्सिलीनं चौकोन भरतात, मी माझ्या बांगड्या परातीत टाकून दाखवते, हात कसा जातो ते. आमचं भांडणही होतं. पहिली रिंग कशावर पडावी? मी म्हणत होते साबणावर, ते म्हणाले फार लहान. मग मीच परात पुढे केली. आता असं ठरलंय की सुरुवातीला एकही अक्षर नाही. समोर एक रिंग, आणि एक भली मोठी परात. कुठेही बोट लावलं तरी रिंग परातीत पडणार आणि “ठण्ण” वाजणार. तो ठण्ण ऐकला की दुसरी रिंग कोण टाकणार नाही? मग जरा लांब तपेली. मग साबण. आबांची गोष्ट शेवटी येईल, ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी. पाठीचा बाक तोच आहे, पण युकारी म्हणते, बाबा हल्ली दोन वेळा जेवतात, आणि जेवताना बोलतात.

आणि आता गेल्या शनिवारचं सांगते. फुटस्क्रेला जुन्या मशीनांचा एक हॉल आहे, तो तिनं शोधून काढला. आम्ही तिघं ट्रेनने गेलो. मोरिशिता-सान शर्टाची वरची गुंडी लावून आले होते. आत अंधार, दिवे, गोंगाट, थेट पालची जत्रा! आणि कोपऱ्यात ती म्हातारी. छपरावरून उड्या मारतेय! मोरिशिता-सान सवयीनं मशीनच्या मागे जाऊन उभे राहिले, लांब, तोंड मिटून. हॉलचा मालक स्टाव्रोस, पोट मोठं, दाढी पांढरी, म्हणाला, “मेट, खेळायचंय का?” स्वरदानं त्याला सांगितलं, हे खेळायला नाही आले, हे त्यांनीच बनवलंय. त्याला पहिल्यांदा वाटलं थट्टा आहे. मग मोरिशिता-साननी खिशातून पेन्सिल काढली आणि त्याच्या हिशेबाच्या चिठ्ठीमागे म्हातारी काढून दाखवली, चौकोन चौकोन. अरे, तो एवढा दांडगा माणूस मटकन स्टुलावर बसला. त्याच्या बापाचं मासे तळायचं दुकान होतं, त्यात हेच मशीन होतं, शाळा सुटली की हा तिथेच. त्याला आजन्म वाटत आलं की ही म्हातारी ग्रीक आहे, त्याच्या आजीसारखी डोक्याला रुमाल बांधते म्हणून. मग त्यानं भावाला फोन लावला आणि दोघं भाऊ फोनवर काय ओरडले!

मग मला बसवलं. कोणी काही सांगितलं नाही. डबकं आलं, मी उडी मारली. दरी आली, मी उडी मारली. ओजस, मी धुणी गोळा केली रे! चादर राहिली, तेवढी एक चादर, अगदी थोडक्यात गेली. पुन्हा खेळले. मागून स्टाव्रोस “गो, आजी, गो” करतोय, आणि मेले तेव्हा पडद्यावर अक्षरं आली. चांगला खेळ झाला की नावाची तीन अक्षरं घालायची असतात म्हणे. स्वरदा म्हणाली मी घालते. मी म्हटलं, सरक. तो दांडा फिरवत गेले आणि त्या अक्षरांत मला एक ओळखीचं दिसलं, गोल, अगदी रिंगेसारखं. मी ते तीनदा घातलं. माझं नाव तिथे लागलंय, तीन रिंगा. स्वरदा म्हणते ते इंग्रजीतलं ओ आहे, तुझ्या नावाचं पहिलं अक्षर. असेल. मी रिंगा घातल्या.

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. मार्चच्या लाँग वीकेंडला स्टाव्रोसकडे एक मशीन रिकामं आहे. तो म्हणाला, मोरिशिता-सान ज्यात हात घालतायत ती गेम मला त्या चार दिवसांसाठी द्या, शुक्रवारपासून, लोक बघू देत. स्वरदा म्हणायला लागली, दादाला विचारावं लागेल. मी तिला बाजूला केलं, त्याचा हात धरला आणि म्हटलं, “नो वरीज, मेट.” म्हणजे तुझ्या वतीनं मी हो सांगून टाकलंय. पण कागदावरचे चौकोन मशीनमध्ये घालणं मला येत नाही, मोरिशिता-सानना आता येत नाही, ते फक्त तुला येतं. तुमच्याकडेही त्या सोमवारी सुट्टी असते, मी विचारून घेतलंय. नोकरी सोड असं मी म्हणत नाही, खुर्ची कुठे पळत नाही. गेम फक्त उतरवू नकोस, आणि आठवडाभर आधी रजा टाकून ये. गॅरेजमध्ये तुझं टेबल लावलंय, ते लावलं दत्तप्रसादनं, मी सांगितलं नव्हतं. एप्रिलमध्ये मोरिशिता-सान ओसाकाला परत जातायत, भावाकडे, कायमचे. जायच्या आधी त्यांना आणखी एकदा मशीनच्या मागे उभं राहायचंय, आणि म्हणाले, या वेळी एकटं नको, ज्यानं खांदा काढलाय तो शेजारी हवा. पहिली खेळणार मी. मी अडकले तरी तुम्ही दोघांनी तोंड उघडायचं नाही, सांगून ठेवते. आणि हे बघ, गुंगालिनला तुमच्या शेजारचे दीनानाथ घरी गोडीशेव करतात असं सरिता सांगत होती. या म्हाताऱ्याला कामात तोंड चाळवायला काहीतरी लागतं आणि इथे जत्रेची चव कशालाच नाही. तेव्हा तू येशील तेव्हा ये, पण गोडीशेव आधी पोस्टानं पाठव. गुळाची, साखरेची नको, आणि पिशवीत नको, पत्र्याच्या डब्यात घट्ट भर, नाहीतर चुरा येईल.

तुझीच,
अंगठाबहाद्दर आजी